‘नैसर्गिक’ हा इसबावरचा उपाय नव्हे

इसब असलेल्या माणसाला घरीदारी सर्वांत जास्त वेळा मिळणारा सल्ला असा असतो, की रसायने असलेल्या वस्तू बंद कराव्यात आणि सगळे काही नैसर्गिक वापरावे : साबणाऐवजी डाळीचे पीठ किंवा उटणे लावावे, अंघोळीच्या पाण्यात कडुनिंबाचा पाला टाकावा, डॉक्टरांनी दिलेल्या मलमाऐवजी एखादे सुगंधी वनौषधी तेल चोळावे, म्हणजे कातडी आपोआप निवळेल. या सल्ल्यात अर्धे सत्य आहे आणि त्या अर्ध्या सत्याच्या बळावरच तो इतकी वर्षे टिकून आहे. रोजच्या वापरातल्या वस्तूंमधील काही घटक इसब चिघळवतात आणि ते टाळले तर आजार आटोक्यात ठेवणे सोपे जाते, हे त्वचाविज्ञानाला पूर्ण मान्य आहे. मात्र काय टाळायचे हे ठरवण्यासाठी ‘नैसर्गिक’ विरुद्ध ‘रासायनिक’ अशी जी वाटणी केली जाते, ती या कामी निव्वळ निरुपयोगी आहे. इतकेच नव्हे, तर ती रुग्णाला निर्धोक वस्तूंपासून तोडते आणि अपायकारक वस्तूंच्या हवाली करते. आक्षेप आहे तो या वाटणीवर, टाळण्याच्या तत्त्वावर नाही.

इसब हा त्वचेचा दाह आहे. त्यात तीव्र खाज सुटते, कातडी लाल होते, बारीक पुरळ येऊन लस वाहते आणि आजार जुना झाला की ती जागा जाड, काळसर व भेगाळलेली होते. नायटा किंवा गजकर्ण यांच्याप्रमाणे हा बुरशीचा संसर्ग नव्हे, खरजेप्रमाणे तो किड्यांमुळे होत नाही आणि एकापासून दुसऱ्याला लागतही नाही. लहान वयात सुरू होणाऱ्या आणि दमा किंवा ॲलर्जीच्या सर्दीशी नाते असलेल्या प्रकाराला ॲटोपिक डर्मटायटिस म्हणतात. २००६ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथील अर्विन मॅक्लीन यांच्या गटाने फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातील दोष आणि हा आजार यांचा संबंध दाखवून दिला, आणि इसबाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. फिलॅग्रिन त्वचेच्या अगदी वरच्या थरात, म्हणजे शृंगस्तरात, काम करते. त्याचे विघटन होऊन तयार होणारे पदार्थ त्वचेत पाणी धरून ठेवतात आणि तिचा सौम्य आम्लपणा राखण्यास हातभार लावतात. ते कमी पडले की आतले पाणी उडून जाते आणि बाहेरचे पदार्थ सहज आत शिरतात. प्रत्येक रुग्णात हा जनुकीय दोष सापडत नाही, परंतु वरच्या थराचा दुबळेपणा बहुतेक सर्वांत आढळतो. म्हणून ‘रक्त अशुद्ध झाले, ते आतून बाहेर पडते आहे, बाहेरून काय लावता याला महत्त्व नाही’ ही समजूतही तितकीच चुकीची आहे.

बाहेरचा पदार्थ अशा त्वचेला दोन वेगळ्या मार्गांनी त्रास देतो आणि हा फरक समजल्याशिवाय पुढची चर्चाच होऊ शकत नाही. पहिला मार्ग क्षोभाचा : पदार्थ त्वचेला थेट इजा करतो, त्याचे प्रमाण आणि संपर्काचा वेळ वाढला की इजा वाढते, आणि पुरेसे प्रमाण मिळाले तर ती कोणालाही होऊ शकते. भांडी घासण्याच्या साबणात दिवसातून चार वेळा बुडणाऱ्या हातांना होतो तो त्रास बहुधा या जातीचा असतो. दुसरा मार्ग ॲलर्जीचा : शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा एखाद्या विशिष्ट रेणूला शत्रू मानून लक्षात ठेवते आणि पुढच्या वेळी त्याचा अंशमात्र स्पर्श झाला तरी एकदोन दिवसांनी त्या जागी दाह उठवते. पहिल्या मार्गात प्रश्न किती लागले याचा असतो, दुसऱ्यात नेमके काय लागले याचा. तो रेणू झाडात तयार झाला की कारखान्यात, याची चौकशी दोन्हींपैकी एकही मार्ग करत नाही.

या प्रतिपादनावर नेहमी असा आक्षेप घेतला जातो, की हे पाश्चात्त्य वैद्यकाचे बोलणे आहे आणि आपल्या परंपरेचा अनुभव वेगळा आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. महाराष्ट्रात बिब्बा उततो हे ठाऊक नसलेले घर जुन्या पिढीत शोधून सापडणार नाही. बिब्ब्याच्या टरफलातील काळे तेल कातडीला लागले की फोड उठतात. धोबी कपड्यांवर खुणा करण्यासाठी हेच तेल वापरत, आणि खुणेची जागा जिथे अंगाला टेकते तिथे पुरळ उठण्याचा प्रकार दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतात आलेल्या अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी नोंदवून ठेवला आहे. आयुर्वेदानेही बिब्बा झाडाचा म्हणून निर्धोक मानला नाही. विटेच्या चुऱ्यात ठेवून, घोळून त्याचे शोधन केल्याखेरीज तो औषधात घेऊ नये असे सांगितले. आंब्याचा चीक तोंडाला लागला की ओठ सोलवटतात, कोकणात आणि गोव्यात काजूची बी फोडणाऱ्या बायकांचे हात टरफलातील तेलाने भाजतात, अळूला चिंच आणि सुरणाला आमसूल घालायचे ते घसा खाजू नये म्हणून, आणि खाजकुइलीच्या वाटेला तर कोणी जात नाही. ज्या समाजाने वनस्पतींच्या दाहकतेचे इतके बारीक ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या जपले, त्याच्या नावावर ‘झाडपाला कधी अपाय करत नाही’ हे वाक्य खपवणे हा त्या परंपरेवरच अन्याय आहे. ही श्रद्धा परंपरेची नाही, अलीकडच्या बाजारपेठेची आहे.

गाजरगवताचे उदाहरण याहून बोलके आहे. काँग्रेस गवत या नावानेही ओळखली जाणारी ही परदेशी वनस्पती १९५०च्या दशकात पुण्यात प्रथम नजरेस आली आणि बघता बघता देशभर माळरानांवर, रेल्वेमार्गांच्या कडेला आणि शेतांच्या बांधांवर पसरली. तिच्यात पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. वाळलेल्या गवताचे बारीक कण वाऱ्यावर उडून चेहरा, मान, पापण्या आणि कोपराच्या खोबणीत बसतात आणि ज्यांना त्याची ॲलर्जी झाली आहे त्यांना, विशेषतः शेतात राबणाऱ्या पुरुषांना, वर्षानुवर्षे चिवट इसब होतो. भारतातील संपर्कजन्य इसबाच्या मोठ्या कारणांपैकी एक असलेला हा पदार्थ कोणत्याही कारखान्यात बनत नाही.

ॲलर्जीचे कारण शोधण्यासाठी जी पॅच टेस्ट केली जाते, तिची पेटी उघडून पाहिली तरी या वाटणीचा पोकळपणा उघड होतो. या चाचणीत संशयित पदार्थांचे ठरावीक प्रमाणातील अंश लहान चकत्यांत भरून पाठीवर चिकटवतात, ४८ तासांनी काढतात आणि त्या वेळी व पुन्हा एकदोन दिवसांनी कोणत्या जागी लाली उठली ते पाहतात. या चकत्यांत निकेल, क्रोमियम आणि रबरातील द्रव्ये असतात, तशीच पाइन वृक्षाची राळ असते, पेरू बाल्सम हा झाडाचा सुगंधी चीक असतो, मेंढीच्या लोकरीपासून मिळणारे लॅनोलिन असते आणि भारतीय संचात गाजरगवताचा अर्कही असतो. हे सारे पदार्थ बहुतांशी ज्या माध्यमात कालवलेले असतात ते मात्र पेट्रोलियम जेली होय. नावातच पेट्रोलियम असलेला, खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून मिळणारा हा पदार्थ त्वचेशी इतका उदासीन राहतो, की ॲलर्जीची परीक्षा घेताना आधार म्हणून जगभरचे डॉक्टर त्याच्यावर विसंबतात. ‘रसायन नको’ म्हणून ही स्वस्त डबी दूर सारायची आणि तिच्या जागी दहा वनस्पतींचे अर्क असलेले सुगंधी मलम घ्यायचे, ही देवघेव रुग्णाच्या तोट्याची आहे. (पेट्रोलियम जेली किंवा पॅराफिन असलेली मलमे सतत लागून तेलकट झालेले कपडे आणि चादरी पटकन पेट घेतात, म्हणून शेगडी, निरांजन आणि उदबत्ती यांपासून जपणे आवश्यक आहे.)

तेलांच्या बाबतीतही वाटणी कुचकामी ठरते, कारण तिथे दोन्ही पक्षांत नैसर्गिकच आहेत. इंग्लंडमधील शेफील्ड येथील, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑलिव्ह तेलाने प्रौढांच्या त्वचेचा वरचा थर कमकुवत केला, सूर्यफुलाच्या तेलाने तो अबाधित ठेवला. मोहरीच्या तेलानेही या थराची दुरुस्ती रेंगाळत असल्याचे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले. उलट फिलिपीन्समध्ये इसब असलेल्या मुलांवर केलेल्या चाचणीत न तापवता काढलेल्या खोबरेल तेलाने खनिज तेलापेक्षा चांगला गुण दिला. कोकणातल्या आजीचे खोबरेल त्यामुळे आनंदाने ठेवावे, परंतु ते त्याच्या गुणामुळे ठेवावे. ‘नैसर्गिक’ या शिक्क्यावर विसंबून तेच स्थान ऑलिव्हला किंवा मोहरीला देऊ नये.

साबणाच्या बाबतीत मात्र नैसर्गिकतेचे समर्थक एका योग्य शत्रूवर चुकीच्या कारणासाठी चालून जातात. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्ल असतो, त्याचा पीएच ४.५ ते ५.५च्या आसपास असतो. चरबी किंवा तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्यापासून बनलेल्या खऱ्या साबणाचा पीएच ९ ते १० असतो. त्वचा अल्कधर्मी झाली की वरच्या थरातील पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारे दुवे कापणारी विकरे अधिक जोमाने काम करू लागतात आणि आधीच दुबळा थर आणखी विरतो. हा दोष हाताने घोटलेल्या, खोबरेल तेलाच्या, ‘रसायनमुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या साबणातही पुरेपूर असतो, कारण अल्कधर्मी असणे हा साबणाचा स्वभावच आहे. साबणाच्या वेष्टनावरील टीएफएम (एकूण स्निग्ध द्रव्य) या अक्षरांबद्दलही असाच गैरसमज आहे. भारतीय मानकानुसार पहिल्या प्रतीच्या अंगाच्या साबणात किमान ७६ टक्के स्निग्धाम्ले असावी लागतात आणि टीएफएम हा आकडा तेवढेच सांगतो. वडीत भरताड किती कमी आहे हे त्यावरून कळते, ती इसबाच्या कातडीला सौम्य आहे की नाही हे कळत नाही. इसबाच्या रुग्णाला उपयोगी पडते ती आम्लतेशी जुळणारी, वास नसलेली, सौम्य कृत्रिम क्षालकांची वडी किंवा द्रव, म्हणजे पुन्हा कारखान्यातलीच वस्तू. अर्थात सगळी कृत्रिम क्षालके सौम्य असतात असे नाही. सोडियम लॉरिल सल्फेट हे फेसाळ द्रव्य इतके हमखास क्षोभ करते, की संशोधक प्रयोगासाठी त्वचेला मुद्दाम क्षोभ आणायचा असेल तर तेच वापरतात.

साबण सोडून उटण्याकडे वळणाऱ्यांना दोन धोके पत्करावे लागतात. पहिला सरळ आहे : नागरमोथा, कचोरा, वाळा, संत्र्याची साल यांची भरड पूड सोललेल्या कातडीवर घासली जाते आणि तिच्यातील सुगंधी द्रव्ये आत शिरतात. निरोगी माणसाने दिवाळीच्या पहाटे उटणे लावण्याला कोणाचीच हरकत नाही, पण रात्रभर खाजवून रक्ताळलेल्या मुलाच्या अंगावर ते चोळणे क्रूर आहे. दुसरा धोका अधिक गंभीर आणि कमी माहितीचा आहे. डाळीचे पीठ, दूध, बदाम हे अन्न आहे, आणि अन्नातील प्रथिने तोंडावाटे पोटात जाण्याऐवजी दाह झालेल्या त्वचेतून शरीरात शिरली, तर त्या अन्नाचीच ॲलर्जी होण्याची शक्यता वाढते असे ॲलर्जीतज्ज्ञ गिडिऑन लॅक यांनी मांडले आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात शेंगदाण्याच्या ॲलर्जीचा संबंध इसबाच्या त्वचेवर शेंगदाण्याचे तेल असलेली मलमे लावण्याशी आढळला होता. जपानमध्ये तर याचा दारुण पडताळा आला : गव्हाचे विघटित प्रथिन असलेल्या, चेहऱ्याच्या एका लोकप्रिय साबणामुळे दोन हजारांहून अधिक लोकांना गव्हाची ॲलर्जी झाली, पाव किंवा नूडल्स खाल्ल्यावर पापण्या सुजून, अंगावर पित्त उठून काहींचा जीव धोक्यात आला, आणि २०११ मध्ये तो साबण बाजारातून परत घ्यावा लागला. हरभऱ्याची ॲलर्जी भारतात चांगलीच ओळखीची आहे. म्हणून इसब झालेल्या बाळाला रोज डाळीच्या पिठाने न्हाऊ घालण्याचा सल्ला सहजपणे देता येणार नाही.

रसायनाच्या सरसकट भीतीने प्रत्यक्षात किती नुकसान केले याचा सर्वांत शिकवणारा इतिहास पॅराबेनचा आहे. पाणी असलेल्या कोणत्याही क्रीममध्ये जंतू वाढतात, ते रोखण्यासाठी परिरक्षक घालावे लागते आणि पॅराबेन हे त्या कामाचे जुने, परखलेले द्रव्य होते. २००४ मध्ये इंग्लंडमधील एका अभ्यासात स्तनाच्या कर्करोगाच्या गाठींमध्ये पॅराबेनचे अंश आढळले. निरोगी ऊतींशी तुलना नसलेल्या त्या अभ्यासाने पॅराबेनमुळे कर्करोग होतो असे दाखवले नव्हते, तरीही त्यानंतर ‘पॅराबेनमुक्त’ ही बाजारातली प्रतिष्ठेची पाटी झाली. रिकाम्या झालेल्या जागेत जी द्रव्ये शिरली त्यांत मिथाइलआयसोथायाझोलिनोन होते. युरोपात २००५ पासून सौंदर्यप्रसाधनांत ते दशलक्षात १०० भागांपर्यंत वापरण्यास मुभा मिळाली, अंग पुसायचे ओले कागद, शाम्पू, क्रीम सगळीकडे ते घातले जाऊ लागले आणि काही वर्षांत त्याच्या ॲलर्जीची लाट आली. अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचारोगांच्या संघटनेने २०१३ मध्ये त्याला वर्षातील लक्षणीय ॲलर्जीकारक ठरवले. युरोपने २०१७ मध्ये अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांत त्यावर बंदी घातली आणि २०१८ पासून धुऊन टाकायच्या वस्तूंत त्याची मर्यादा दशलक्षात १५ भागांवर आणली. त्याच अमेरिकी संघटनेने २०१९ मध्ये पॅराबेनला वर्षातील ‘बिगर-ॲलर्जीकारक’ म्हणून जाहीर केले, कारण सर्व परिरक्षकांत त्याची ॲलर्जी अत्यंत विरळ होती. पॅराबेनच्या हार्मोनविषयक परिणामांची चर्चा स्वतंत्रपणे जरूर व्हावी; परंतु इसबाच्या रुग्णासाठी ‘पॅराबेनमुक्त’ ही पाटी दिलासा देणारी नसून, मग यात दुसरे काय घातले आहे असा प्रश्न विचारायला लावणारी आहे.

सुगंधाबाबत मात्र तडजोडीला जागा नाही. प्रसाधनांमुळे होणाऱ्या ॲलर्जीच्या कारणांत सुगंधी द्रव्ये अगदी वरच्या स्थानावर आहेत, आणि त्यांत निसर्ग व कारखाना यांचा भेद करताच येत नाही, कारण रेणू तेच असतात. संत्र्याच्या सालीतील लिमोनीन आणि लॅव्हेंडरमधील लिनॅलूल बाटली उघडल्यावर हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावतात आणि तयार होणारी हायड्रोपेरॉक्साइडे ॲलर्जी जागी करतात. वर्षभर कपाटात राहिलेली ‘शुद्ध अर्काची’ कुपी म्हणूनच नव्या कुपीपेक्षा धोक्याची. युरोपमध्ये २००५ पासून २६ सुगंधी द्रव्यांची नावे ठरावीक प्रमाणापलीकडे वेष्टनावर छापणे बंधनकारक झाले आणि २०२३ च्या नियमाने ही यादी ऐंशीच्या पुढे गेली.

विरोधी टोकाला, टाळण्याचा हा सारा खटाटोप व्यर्थ असून नेमून दिलेले मलम लावले की पुरे, असे म्हणणारा पक्षही आहे आणि त्याच्याजवळ पुरावा आहे. पाणी मृदू करणारी यंत्रे घरात बसवून मुलांचा इसब सुधारतो का, हे पाहणाऱ्या इंग्लंडमधील २०११ च्या चाचणीत कोणताही जादा लाभ दिसला नाही. अंघोळीच्या पाण्यात घालायच्या स्निग्ध द्रवांचाही २०१८ च्या चाचणीत फायदा आढळला नाही. हे निष्कर्ष मोलाचे आहेत, कारण ते कुटुंबांचा खर्च आणि अपराधभाव दोन्ही वाचवतात. परंतु त्यांवरून सिद्ध होते ते एवढेच, की त्या दोन विशिष्ट उपायांचा उपयोग नाही. रुग्णाला ज्या रेणूची ॲलर्जी आहे तो रोज लावत राहून मलम गुण देईल, असे त्यांवरून निघत नाही. दाह उसळलेला असताना स्टेरॉइड किंवा अन्य औषधी मलम डॉक्टरांच्या सल्ल्याने, सांगितले तितके दिवस वापरावेच लागते आणि केवळ साबण बदलून ते काम होत नाही. त्याच वेळी, औषधाने शांत झालेली कातडी शांत राहावी यासाठी तिला रोज काय लागते हे पाहणेही तितकेच आवश्यक असते.

नेमकेपणाने पाहिले तर किती उलगडते याचा पुरावा स्वयंपाकघरातच मिळतो. उजव्या हाताने सुरी धरणाऱ्या बाईच्या डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मध्यमा यांचीच टोके कोरडी, भेगाळलेली आणि दुखरी असतील, बाकीची बोटे मात्र ठीक असतील, तर अनुभवी त्वचारोगतज्ज्ञ साबणाआधी लसणाची चौकशी करतात, कारण लसणाची पाकळी चिरताना याच तीन बोटांत धरली जाते आणि तिच्यातील डायअलिल डायसल्फाइड ॲलर्जी निर्माण करते. त्या बाईला महागडे हर्बल हँडवॉश देऊन काहीही साधणार नाही. साध्या रबरी हातमोज्यांतूनही हा पदार्थ झिरपतो, त्यामुळे लसूण सोलण्याचे व चिरण्याचे काम काही आठवडे दुसऱ्या कोणाकडे सोपवणे हाच मार्ग उरतो, आणि तसे करायचे तर घरातील पुरुषांनी पुढे यावे लागते.

नवी वस्तू वापरण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढ्या जागेवर, ती दिवसातून दोनदा याप्रमाणे आठवडाभर लावून पाहणे ही घरी करता येण्यासारखी साधी परीक्षा आहे. धुऊन टाकायच्या वस्तू, म्हणजे साबण आणि शाम्पू, मात्र अशा लावून ठेवू नयेत, कारण त्या ॲलर्जी नसतानाही क्षोभ करतात. इसब एकाच जागी हटून बसत असेल, उपचारांना दाद देत नसेल किंवा मोठेपणी अचानक उपटला असेल, तर पॅच टेस्ट करून घ्यावी. त्या चाचणीनंतर रुग्णाच्या हाती टाळायच्या पदार्थांच्या नावांची यादी पडते आणि खरी अडचण तिथून सुरू होते. दुकानातली वस्तू हातात घेतली, तर दर्शनी भागावर ‘हर्बल’, ‘नैसर्गिक’, ‘त्वचेला सौम्य’ हे शब्द ठसठशीत अक्षरांत, पुष्कळदा देवनागरीत असतात; ‘हायपोॲलर्जेनिक’ या शब्दाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७०च्या दशकात व्याख्येत बांधण्याचा प्रयत्न केला होता, परंतु १९७७ मध्ये न्यायालयाने तो नियम रद्द केला आणि तेव्हापासून तो शब्द विक्रेत्याच्या मर्जीवर चालतो. घटकांची यादी मात्र मागच्या बाजूला, दुमडीत, रोमन लिपीतल्या बारीक टंकात असते, आणि तिच्यात विसेक सुगंधी द्रव्यांच्या जागी कितीदा तरी ‘परफ्यूम’ एवढा एकच शब्द असतो. केसांच्या ‘हर्बल काळ्या मेंदी’च्या पुडीत पॅराफिनिलीनडायअमीन हा तीव्र ॲलर्जीकारक रंग आहे की नाही, हे जाणून घेण्याचा रुग्णाजवळ ती यादी वाचण्याखेरीज दुसरा उपाय नसतो. सांगली किंवा परभणीच्या रुग्णाने चाचणीसाठी पैसे आणि दिवस खर्चून मिळवलेले ज्ञान त्या दुमडीपाशी निकामी होते. म्हणून घटकांची संपूर्ण नावे, सुगंधी ॲलर्जीकारकांसह, वाचता येईल अशा आकारात आणि राज्याच्या भाषेच्या लिपीतही छापणे उत्पादकांवर बंधनकारक करावे, ही मागणी इसबाच्या रुग्णांनी, त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनांनी आणि ग्राहक चळवळीने एकत्र येऊन केली पाहिजे, आणि पुढच्या भागावर ‘नैसर्गिक’ हा शब्द जेवढ्या आकारात छापला जातो त्याच्याशी यादीच्या अक्षरांचे किमान प्रमाणही त्याच नियमात ठरवून घेतले पाहिजे.